अध्यक्षांना पत्र: हेडफोनसोबत बीटरचीही अट घाला

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती

विषय: इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या प्रस्तावित नियमाबाबत सूचना

महोदय,

आपल्या गृहसंस्थेच्या नियमाच्या मसुद्यात इलेक्ट्रॉनिक ड्रमसाठी 'हेडफोन लावूनच वाजवावे' एवढी एकच अट आहे. ती पुरेशी नाही. मेश हेडवर, म्हणजे पॅडच्या जाळीदार पडद्यावर, पडणाऱ्या काठ्यांचा आवाज बंद दाराआड बराचसा विरतो. खालच्या घराला त्रास होतो तो पायाचा. पेडल दाबलं की बीटर, म्हणजे पेडलला जोडलेला छोटा हातोडा, हेडवर आदळतो, तो धक्का पॅडच्या स्टँडमधून आणि पेडलच्या तळपट्टीतून स्लॅबमध्ये उतरतो. हेडफोन याला काय करणार?

त्यामुळे बीटर कोणता, हे नियमात यायला हवं. लाकडी बीटर सरळ बाद करावा. तो जड आणि टणक असतो. फेल्टचा बीटर मऊ म्हणून बहुतेकांना तोच योग्य वाटतो, पण त्याचे तंतू सुटून जाळीत अडकतात आणि वापरून खरखरीत झालेलं फेल्ट जाळीचे धागे घासत राहतं. कडक प्लॅस्टिक जाळीला त्रास देत नाही, मात्र साच्याच्या जोडाची धारदार रेघ तोंडावर नको, आणि त्याचा टक्‌टक् आवाज खोलीत चांगलाच ऐकू येतो. मऊ रबर किंवा घट्ट फोमचं तोंड असलेला, वजनाला हलका बीटर सगळ्यांत बरा. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: तोंड मऊ असलं की टक्‌टक् कमी होते, पण खाली जाणारी धप्‌धप् कमी होते ती मुख्यतः बीटर हलका असल्यामुळे आणि पाय हळू पडल्यामुळे. नुसता मऊ पण जड बीटर घेतला तर शेजाऱ्याला फारसा फरक जाणवणार नाही.

सपाट तोंडाचा बीटर हेडला पूर्ण टेकला पाहिजे. तिरका बसला तर त्याची कड एकाच जागी लागून जाळी फाटते. दांड्याची उंची आणि तोंडाचा कोन जुळवून मगच स्क्रू घट्ट करावेत. ठोका पडतो तिथे चिकटपट्टीचा गोल लावला तर हेड जास्त टिकतं.

मऊ बीटरची एक अडचण आहे. मॉड्यूलला (ठोके ओळखून आवाज काढणाऱ्या पेटीला) हलके ठोके कळत नाहीत, मग वाजवणारा पाय आपटायला लागतो आणि सगळं मुसळ केरात. म्हणून बीटर बदलला की मॉड्यूलमध्ये सेन्सिटिव्हिटी वाढवावी आणि थ्रेशोल्ड (किमान किती जोराचा ठोका धरायचा ती मर्यादा) थोडा खाली आणावा. एका ठोक्याचे दोन वाजू लागले तर रीट्रिगर कॅन्सल (असा दुसरा, खोटा ठोका गाळणारी सेटिंग) वाढवावं; बीटर हेडवर दाबून धरायची सवय हेही त्याचं कारण असतं. हेड फार सैल असेल तर बीटर जाळी दाबून थेट आतल्या सेन्सरपर्यंत जातो, फार ताणलेलं असेल तर उसळून परत आदळतो.

इतकं करूनही स्लॅबला थोडा धक्का जातोच. त्यासाठी चौथरा लागतो: 18 मिमी प्लायवुडचे दोन थर, मध्ये टेनिसचे चेंडू. चेंडूचा व्यास साधारण 6.5 सेमी असतो, म्हणून खालच्या प्लायला 4 ते 5 सेमीची भोकं पाडली की ते जागेवर राहतात. चेंडू फार भरले तर चौथरा कडक होतो आणि उपयोग राहत नाही. कमी पडले तर डुगडुगतो. पेडल, पॅड आणि स्टूल तिन्ही वरच्या प्लायवर हवेत आणि प्लाय भिंतीला कुठेही टेकता कामा नये. नुसती रबरी चटई टाकून हे साधत नाही.

परवानगी देण्यापूर्वी समितीच्या एका सदस्याने आणि खालच्या सदनिकाधारकाने खालच्या खोलीत थांबून ऐकावं. वर फक्त पेडल वाजवावं, आधी हळू, मग नेहमीच्या जोराने. आवाज आला तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा ऐकावं, म्हणजे दोष कशात आहे ते कळेल. बीटर, चौथरा आणि ही चाचणी, या तिन्ही अटी मसुद्यात घालाव्यात ही विनंती.

आपला,
एक सभासद