नावातला ण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझं नाव वीणा. अर्जावर मी ते देवनागरीत, सुटं सुटं लिहिते. संगणकात ते रोमन लिपीतून जातं आणि परत देवनागरीत येताना ‘विना’ होतं. विना म्हणजे शिवाय! वडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव असं छापलेलं पाहिलं की फार लागतं. रोमन लिपीत न आणि ण दोन्हींना एकच ‘एन’. अक्षराखाली टिंब देऊन हा फरक दाखवणारं आयएसओ १५९१९ हे मानक २००१ पासून आहे. पण ते टिंब देतो कोण? फोनवर कुणी ‘मीना’ ऐकलं तर समजू शकते. लिहून दिलेलं मात्र बिघडू नये. युनिकोडमुळे, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकात वेगळा क्रमांक देणाऱ्या पद्धतीमुळे, देवनागरी नाव जसंच्या तसं साठवता येतं. ते तसंच साठवावं आणि छापण्याआधी एकदा वाचून दाखवावं.

– वीणा