‘मला नाही माहीत’ म्हणणाऱ्या दादांना

दादा,

आमचं शेततळं आखून देऊन गेलात, आता तुमचा जुना नंबर लागत नाही. करार संपला आणि तुम्ही जिल्हा सोडला, एवढंच गावात कळलं. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नाव घालत नाही, तुम्ही लाजाल.

आमचं वावर दर्यापूर तालुक्यात, भर खारपाणपट्ट्यात. बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं. बोअरला पाणी लागतं, पण ते पिकाला दिलं की काळी माती चोपण होते, म्हणजे घट्ट बसते आणि पाणी निचरत नाही. आभाळातून पडेल तेवढंच आपलं. ते साठवायचं तर शेततळं हवं. आमची माती इतकी चिकण की तळ्याला प्लास्टिकही लागत नाही. पण तीस बाय तीस मीटरचं तळं म्हणजे नऊ गुंठे जमीन खड्ड्यात घालायची.

एकदा घातलीही होती. तेव्हा जे आले, त्यांना सगळंच माहीत होतं. रस्त्याला लागून जागा दाखवली, कारण मशीन तिथवर सहज जात होतं. सासूबाई म्हणाल्या, “बाप्पा, अठी पानी येतच नाही.” कोणी मान वर केली नाही. खड्डा झाला, फोटो निघाला, फलक लागला. दोन पावसाळे त्यात आमच्या शेळ्या चरल्या. फलक तेवढा अजून आहे, त्यावर मी गोधड्या वाळत घालते.

म्हणून पोकरात गावाचं नाव आलं (सरकारची योजना, कागदावर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, पण तेवढं लांब कोण म्हणतं?) तेव्हा मी काही हुरळले नाही. तुम्हीही आलात आणि आधी तळ्याच्या आखणीची चुन्याची फक्कीच मारलीत. मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच.

मग तुम्ही ओट्यावर बसलेल्या सासूबाईंकडे गेलात. “आजी, मला या वावरातलं काही माहीत नाही. पाणी कुठून येते, तुम्ही सांगा.” त्यांनी मागे वळून पाहिलं, आणखी कोणाला विचारताहेत की काय म्हणून. साठ वर्षं त्या वावरात राबलेल्या बाईला हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला होता. आम्हीसुद्धा नाही, हे लिहिताना लाज वाटते. त्या काठी टेकत खालच्या कोपऱ्यात गेल्या. “सरावनात बगळे अठी उतरते.” तुम्ही वाद घातला नाहीत. मारलेली फक्की चपलेनं पुसलीत आणि त्या कोपऱ्यात नवी मारलीत. तुमचे अंगठे पांढरेफटक झाले होते. मला तेवढंच लख्ख आठवतं.

पुढं पैशाचं. आधी खर्च करायचा, मग अनुदान खात्यात. मी उसनवारी केली आणि माझ्याच पासबुकावर नावातली एक मात्रा चुकलेली निघाली. ते कसं निस्तरलं, त्यात जात नाही. पण त्या काळात दर शुक्रवारी तुमचा फोन यायचा. “काकू, या आठवड्यातही नाही. कधी येतील, मला नाही माहीत. विचारून सांगतो.” पैसे आले की फोन करणारे पुष्कळ. आले नाहीत हे सांगायला फोन करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तुमच्या त्या फोनमुळे मी सावकाराला तोंड चुकवलं नाही. ‘अजून नाही’ असं सरळ सांगता आलं, आणि यांना रात्री झोप लागली. शिकलेल्या माणसाला ‘मला नाही माहीत’ म्हणायला एवढं जड का जातं, देव जाणे. आमच्या गावात तर तलाठ्यापासून जावयापर्यंत कोणी म्हणत नाही.

तळं भरलं. काठोकाठ भरलं तर जवळपास 22 लाख लिटर मावतं, असं तुम्हीच हिशेब मांडून दाखवलं होतं. हरभऱ्याला फुलाआधी एक आणि घाटे भरताना एक, अशी दोन पाणी तुषारनं दिली. एकरी चार क्विंटलवर अडणारा हरभरा सातवर गेला.

आता शिवारफेरी निघाली की समितीचे लोक आधी सासूबाईंना बोलवायला येतात. आणि तळ्यावरचे बगळे त्या कोणाला हाकलू देत नाहीत, नातवालासुद्धा नाही.

संक्रांतीच्या आसपास या, ओल्या हरभऱ्याचा भाजलेला हुळा खायला. नवा नंबर मात्र आधी कळवा.

तुमची,
खालच्या कोपऱ्यातल्या तळ्यावाली काकू