वाईचा गणपती पाठीमागून बघ

बाळ्या,

तुझा मेसेज वाचला. महाबळेश्वरला जाताना वाईत अर्धा तास थांबणार म्हणे, ढोल्या गणपतीला हात जोडणार, सेल्फी काढणार की लगेच पसरणीचा घाट. अर्ध्या तासात काय डोंबल बघणार तू? फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून हे लिहितोय.

पुढून सगळेच बघतात रे, एका दगडातला तो अवाढव्य गणपती, पोटावरूनच नाव पडलंय. तू दर्शन झालं की देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत सरळ नाहीये, माशासारखी निमुळती होत गेलीय, म्हणजे कृष्णेला पूर आला की लोंढा त्या टोकावर फुटून दोन्ही अंगांनी निघून जातो, देवळाला थेट धडक बसत नाही. हात लावून बघ त्या दगडाला. बांधकाम १७६२ चं, पेशव्यांचे सरदार गणपतराव भिकाजी रास्त्यांचं. म्हणजे पानिपत होऊन जेमतेम वर्ष, पेशव्यांचा विश्वासराव तिथे गेलेला, आणि तो ह्यांचा सख्खा भाचा, त्याची आई गोपिकाबाई रास्त्यांचीच लेक ना! घरात सुतक असल्यासारखं वातावरण असणार आणि ही माणसं नदीच्या पात्रात देऊळ उभं करतायत, तेही पुराचा हिशोब करून. अजूनही वरच्या धोम धरणाचं पाणी सोडलं की कधीकधी गाभाऱ्यापर्यंत येतं, ओसरलं की चिखल काढायचा, आरती सुरू.

शेजारीच काशीविश्वेश्वर, १७५७ चा, दुसऱ्या भावाचा, आनंदरावांचा. दोन दीपमाळा आहेत, पण तू नंदीपाशी बस. काळा गुळगुळीत दगड, गळ्यातली घुंगरमाळ इतकी बारीक कोरलीय की आपली आज्जी असती तर मोजत बसली असती. मला विचारशील तर गणपतीपेक्षा हाच भारी.

आळीतले जुने वाडे मात्र एकेक करून चाललेत, लाकूड विकलं जातं आणि जागेवर पार्किंगवाली बिल्डिंग येते. वाटणीत सोळा जण असले की दुरुस्ती कोण करणार, त्यांनाही बोलून उपयोग नाही. पिक्चरवाल्यांना तेवढा हा नदीचा घाट लागतो, कधी यूपी म्हणून कधी बिहार म्हणून, वाई म्हणून कोण दाखवत नाही.

वेळ उरला तर जवळचं मेणवली गाव, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावरची वसईच्या स्वारीतली पोर्तुगीज घंटा. रविवारी अजिबात येऊ नकोस, गाडी लावायला जागा मिळत नाही. मधल्या वारी सकाळी या, वहिनींना सांग जेवण आमच्याकडेच, महाबळेश्वर कुठे पळून जात नाही.

तुझाच,
दाद्या