लेकास: झोपेआधीचा अर्धा तास

चि. लेका,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं, रात्र जागून काढलीत. मुलगी सात महिन्यांची झाली तरी रात्री का उठते, असं विचारलंस. फोनवर सांगितलेलं तू विसरतोस, म्हणून लिहिते.

क्रम लावा. दूध, आंघोळ, मालीश, चित्रांचं पुस्तक, अंगाई, दिवा बंद. यातलं एखादं गाळलंत तरी चालेल, पण उरलेलं रोज त्याच क्रमाने, त्याच सुमारास हवं. तिला घड्याळ कळत नाही; कशामागून काय येतं ते मात्र पक्कं कळतं. २००९ साली ‘स्लीप’ या संशोधनपत्रिकेत ४०५ आया आणि त्यांच्या लहान मुलांवरचा अभ्यास आला होता. दोन आठवडे असा क्रम पाळल्यावर मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली, आयांचं मनही हलकं झालं. बापांना कोणी विचारलं नव्हतं. ती उणीव तू भरून काढ.

दूध मुद्दाम आधी लिहिलंय. पिता पिताच झोपायची सवय लागली, की मध्यरात्री डोळा उघडल्यावरही तेच हवं असतं. या वयात झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं. ते संपलं की बाळ चाळवतंच. खांद्यावर झोपलेलं असलं तर जाग आल्यावर खांदा शोधतं. म्हणून ती पेंगुळली, की जागी असतानाच खाली ठेव. सुरुवातीला कुरकुरेल, थोपट. झोपवायचं ते पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर. उशी, मऊ खेळणी, सैल पांघरूण काही नको. यात तडजोड नाही.

आणि पार दमेपर्यंत थांबू नका. डोळे चोळू लागली की उशीरच झाला समज.

दीड-दोन वर्षांची झाली की घासाघीस सुरू होईल: आणखी एक गोष्ट, पाणी, शू. त्यात तुझा हातखंडा होता, तेव्हा तक्रारीला जागा नाही. हे पुस्तक की ते, एवढी निवड तिला द्या. झोपायचं का, हे मात्र विचारू नका.

सूनबाईने एक क्रम आणि तू दुसरा, असं नको. दात येताना, ताप असताना सगळं मोडेल, मोडू दे. बरी झाली की पुन्हा सुरू करा. मी आले की मलाही त्यातच बसवा. मी एक गोष्ट जास्त सांगणारच, तेव्हा सरळ दिवा बंद कर.

तुझी आई