चढाची मॅरेथॉन, ऊन आणि वेगाचा हट्ट

महोदय,

उन्हातल्या डोंगराळ मॅरेथॉनमध्ये अनेकांचे गणित पहिल्याच मोठ्या चढावर चुकते, कारण सपाट रस्त्यावरचा वेग तिथेही टिकवण्याचा हट्ट. चढावर स्नायू जास्त उष्णता निर्माण करतात आणि वेग घटल्याने अंगाला वारा मात्र कमी लागतो. तिथे घड्याळ पाहू नये, श्वास पाहावा. लहानसे वाक्यही बोलता येईना, की सरळ चालावे. त्यात कसलाही कमीपणा नाही. उतारावर पावले लहान आणि भरभर टाकावीत. लांब ढांगांनी मांडीच्या पुढच्या स्नायूंना ब्रेकचे काम करावे लागते आणि शेवटच्या १० किलोमीटरमध्ये पाय साथ सोडतात.

उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. पाणी तहानेनुसार प्यावे. अनेकांना तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर पुरते. घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेले तर रक्तातील सोडियम घटते, आणि तेही जिवावर बेतू शकते.

आयोजकांना कळकळीची विनंती: बर्फाच्या पाण्याचे टब ठेवाच. धावपटू असंबद्ध बोलू लागला आणि गुदद्वारातून मोजलेले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर तो उष्माघात समजावा. कपाळावरचे मोजमाप इथे फसवते. वैद्यकीय पथक हजर असेल तर त्याला लगेच मानेपर्यंत थंड पाण्यात बसवावे, तापमान ३९ अंशांच्या आसपास उतरवावे आणि मगच रुग्णवाहिका हलवावी.

– एक धावपटू वाचक