रविवारची बैठक आणि घरभेटी : सदस्यांसाठी सूचना

मेंदूला मार लागलेल्या माणसांसोबतची बैठक येत्या रविवारी सकाळी 8 ते 9 समाजमंदिरात. दुपारच्या उन्हात असा माणूस लवकर थकतो, म्हणून वेळ बदलू नये. भोंगा लावायचा नाही. एका वेळी एकानेच बोलायचं. प्रश्न विचारला की मनात दहा मोजा, मग उत्तर येतं. मधेच आपणच वाक्य पूर्ण केलं की तो गप्प होतो, अन् आपल्याला वाटतं याला समजतच नाही.

अशा माणसाच्या घरभेटीला दर आठवड्याला तेच दोघं, त्याच वारी, अर्धाच तास. माणसं बदलली की गोंधळ वाढतो. तेवढ्यात घरच्या बाईला बाजाराला जाऊ द्या. चहासाठी तिला अडकवू नका.

कापूस वेचणीच्या घाईत झटक्याच्या (फिटच्या) गोळ्या चुकतात. बरं वाटतं म्हणून गोळ्या अचानक बंद केल्या तर झटके परत येऊ शकतात. दारूचा आग्रह तर नकोच.

दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं असेल त्यांनी आधार, फोटो, डिस्चार्ज कार्ड अन् सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणावा. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. विसरभोळेपणा, चिडचिड तपासणीत बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून त्याची पंधरा दिवसांची नोंद वहीत लिहून आणा.