दुष्यंताच्या मदतीला दुर्वास

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत साहित्यातल्या प्रेमिकांवरचा लेख वाचला. दोनदा वाचला खरं तर. भाषा छान आहे, लेखकाचं वाचनही दांडगं दिसतंय, पण शेवटी शकुंतला, नोरा, अ‍ॅना, एमा बोव्हारी, आपल्या बेणारेबाई अशा सगळ्यांना एका रांगेत उभं करून वर 'प्रेमासाठी सर्वस्व पणाला लावणाऱ्या' अशी पाटी लावलीय तिथे माझं डोकं फिरलं. म्हणजे ह्या पाच बायकांना पाच वेगळी कारणं असूच शकत नाहीत का? पुरुष कॅरेक्टर काहीही करू दे, लगेच महत्त्वाकांक्षा, अपमान, भीती, सूड, नुसता कंटाळा अशी ढीगभर कारणं निघतात, आणि बाईचं आपलं एकच, प्रेम. मिळालं म्हणून किंवा मिळालं नाही म्हणून.

एमाचंच बघा, फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' कादंबरीतली. ती प्रेमापायी मेली असं सगळे बिनधास्त लिहितात, मला तर वाटतं शेवटची पन्नास पानं कोणी नीट वाचतच नाही. तिच्या मागे लागलाय तो लेरो नावाचा कापडवाला, जो गोड बोलून उधारीवर माल देत गेला, कागदांवर सह्या घेत गेला, ते कागद दुसऱ्याला विकत गेला, आणि आता घरावर जप्ती आलीय आणि 8,000 फ्रँक भरायचेत. ती नोटरीकडे जाते, त्याची नजर तिच्यावरच. जुना प्रियकर रोदोल्फ, त्याच्याकडेही ती जाते ती पैसे मागायला, आणि तो थंडपणे सांगतो की माझ्याकडे नाहीत. त्यानंतर औषधवाल्याकडचं आर्सेनिक. ह्यात प्रेम नाहीच असं मी म्हणत नाहीये, पण कर्ज हा शब्द तुमच्या लेखात एकदाही नसावा? 1857 साली फ्लोबेरवर खटला झाला तोही नीतिमत्तेच्या नावाने, सावकारी कोणाला खुपली नाही.

आणि गंमत सांगू का, त्या कादंबरीत प्रेमापायी खरंच कोणी मेलं असेल तर तो एमाचा नवरा. तोच तो बावळट, घोरणारा, कोणाच्या खिजगणतीत नसलेला शार्ल. बायकोची प्रेमपत्रं सापडल्यानंतरही तो तिच्यावर चिडू शकत नाही, आणि एक दिवस बागेत बाकावर बसल्या बसल्या जातो, हातात तिच्या केसांची बट. मुलगी हाक मारायला येते, तिला वाटतं बाबा गंमत करतायत, ती ढकलते आणि तो खाली पडतो. डॉक्टर उघडून बघतात तर आत काहीच सापडत नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून तशीच बसले होते. पण अमर प्रेमिकांच्या कुठल्याही यादीत शार्लचं नाव मी तरी पाहिलेलं नाही, कारण पुरुष प्रेमाने मेला की आपण त्याला दुबळा म्हणतो आणि पुढच्या पानावर जातो.

टॉलस्टॉयच्या अ‍ॅना कॅरेनिनाबद्दल थोडक्यात. कादंबरी सुरू होते ती तिच्या भावाच्या लफड्यापासून, हे लेखात यायला हवं होतं. स्तीवाचं मुलांच्या गव्हर्नेसशी प्रकरण, बायकोला कळलंय, घरात नुसता गोंधळ, आणि तो निस्तरायला बोलावतात कोणाला तर बहिणीला. ती येते, वहिनीची समजूत घालते, भावाचा संसार वाचवते. स्तीवाने असं का केलं हे कोणी खोदून विचारत नाही, असतो एकेकाचा स्वभाव. पुढे तीच गोष्ट अ‍ॅना करते तर तिच्या 'का'वर आजवर ग्रंथच्या ग्रंथ. ती गेल्यावर शेवटच्या भागात हा भाऊ स्टेशनवर भेटतो, बहिणीच्या प्रेताजवळ हमसून रडलेला माणूस, पण ते रडणं तो पार विसरलेला असतो, आणि त्याला बायकोला निरोप काय द्यायचाय तर आपली कमिटीत नेमणूक झाल्याचा!

पण माझा खरा राग शाकुंतलावर आहे. राग म्हणजे नाटकावर नाही हो, ते सुंदरच आहे, चौथा अंक आला की माझाही गळा भरून येतो. राग आहे त्या शापावर. महाभारतातल्या आदिपर्वात ही गोष्ट आहे तिथे अंगठी नाही, दुर्वास नाही, शाप नाही. तिथली शकुंतला लग्नाला हो म्हणायच्या आधी सरळ अट घालते, मला होणारा मुलगाच गादीवर बसला पाहिजे, बोल कबूल आहे का. राजा कबूल करतो, निघून जातो, आणि बोलवायचं नावच नाही. शेवटी मुलाला घेऊन ती दरबारात उभी राहते तेव्हा त्याला सगळं आठवत असतं, तसं स्पष्ट लिहिलंय, आणि तरी तो म्हणतो मला काही आठवत नाही. मग ती त्याला जे सुनावते, पानंच्या पानं, सत्य काय, धर्म काय, बायको म्हणजे काय, मुलगा म्हणजे काय, अगदी आपलं कुळ तुझ्यापेक्षा वरचं आहे इथपर्यंत! आकाशवाणी झाल्यावर राजेसाहेब कबूल करतात की मला माहीत होतं, पण नुसत्या हिच्या शब्दावर मुलाला जवळ केलं असतं तर लोकांनी संशय घेतला असता.

म्हणजे बघा, दोघांनाही चक्क माणसासारखी कारणं आहेत. तिला मुलाचा हक्क पाहिजे, त्याला लोकांची भीती आहे. भित्रा आहे, खोटारडा आहे, पण कळतो. कालिदासाने काय केलं तर मधे दुर्वासाला आणून उभं केलं. आता राजाचं वागणं राजाचं राहिलंच नाही, तो खोटं बोलत नाही, तो बिचारा खरंच विसरलाय. आणि शाप लागला कोणामुळे? ती प्रियकराच्या विचारात हरवली होती, दारात आलेल्या ऋषीकडे तिचं लक्ष गेलं नाही, म्हणून. म्हणजे त्याचा दोष गेला तो गेला, वर थोडासा तिच्या पदरात पण पडला. पाचव्या अंकात ती त्याला 'अनार्य' म्हणते तेव्हा बरं वाटतं, पण तोवर प्रेक्षकांना शाप माहीत असतो, त्यामुळे तिचा राग खरा असूनही फुकट जातो. नाटक म्हणून हे किती हुशारीचं आहे हे मला कळतं, नायक धीरोदात्त पाहिजे वगैरे सगळं मान्य. पण तेव्हापासून गोष्टीतल्या पुरुषांसाठी कोणी ना कोणी दुर्वास धावून येतोच, कधी दारू, कधी आईचा शब्द, कधी गैरसमज, आणि हल्ली तर बालपणीचा ट्रॉमा.

नोराच्या बाबतीत तर हा खेळ उघडउघड झाला. 1879 साली इब्सेनचं 'अ डॉल्स हाऊस' नाटक आलं, नोरा दार लावून निघून जाते. ती कोणा प्रियकराकडे जात नाहीये, तिला आपण कोण आहोत ते बघायचंय, बस्स. पुढे जर्मनीत ते करायचं ठरलं तर तिथल्या मोठ्या नटीनेच सांगितलं की मी माझ्या मुलांना कधीच सोडणार नाही, मला हा शेवट जमणार नाही. दुसऱ्या कोणी बदलण्यापेक्षा आपणच केलेला बरा म्हणून इब्सेनने वेगळा शेवट लिहून दिला, नवरा तिला झोपलेल्या मुलांच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच कोसळते. त्या शेवटाला त्याने स्वतःच रानटी अत्याचार म्हटलंय. बाईला घर सोडायला प्रेम हे कारण चालतं, घरात राहायलाही प्रेम हेच चालतं, पण स्वतःसाठी म्हटलं की बाईलाच पटेना!

बेणारेबाईंबद्दल एकच मुद्दा. 1967 च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' नाटकात लग्नाशिवाय दिवस गेलेल्या बाईंवर लुटुपुटीचा खटला चालतो, पण प्रोफेसर दामले स्टेजवर येतच नाहीत. ज्याच्यामुळे बाईंवर ही वेळ आली तो माणूस गैरहजर, त्यामुळे त्याला कोणी प्रश्नच विचारू शकत नाही, आणि बाईंना बाजू मांडायला मिळतात दहा सेकंद. तेंडुलकरांनी हे मुद्दाम केलंय, वाचणाऱ्याला टोचावं म्हणून. आपण मात्र बेणारेला प्रेमिकांच्या यादीत टाकून मोकळे.

हे सगळं एवढं तावातावाने लिहायला कारण आहे. मी पण थोडंफार लिहिते. तीन वर्षांपूर्वी एका मासिकाकडे कथा पाठवली होती. भाऊ आणि बहीण, दोघंही एकाच वर्षी घर सोडतात. भाऊ जातो कारण त्याला जावंसं वाटतं, बहीण जाते कारण तिलाही जावंसं वाटतं, कथा एवढीच. उत्तर आलं, कथा आवडली, पण नायिका नक्की का जाते ते पटत नाही, तिच्या आयुष्यात कोणी आलंय असं सुचवता आलं तर बघा. भावाबद्दल एक अक्षर नाही.

आणि मी काय केलं तर सुचवलं. कारण कथा छापून यायला हवी होती. दोन ओळी घातल्या, बसस्टॉपवर एक माणूस तिची बॅग उचलून देतो आणि ती हसते. त्याला नाव पण दिलं नाही. कथा छापून आली, वाचकांची सात पत्रं आली, त्यातली पाच त्या बॅग उचलणाऱ्याबद्दल. तो पुढे तिला सांभाळेल ना असं एका बाईंनी फार काळजीने विचारलं होतं.

पत्र लांबलंय, जागा नसेल तर अ‍ॅनाचा भाग कापा, एमाचा पण कापलात तरी चालेल, पण शार्ल आणि शाप तेवढे ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक